भुशातला बर्फ आणि कात्रजचं दूध

१५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून ‘डुनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज लंडनला निघालं, तेव्हा त्याच्या शिडांच्या मधून एक धुराडं वर आलेलं होतं. हे धुराडं जहाज चालवण्यासाठी नव्हतं. जहाज वाऱ्यावरच चालणार होतं. धुराड्याखाली कोळशावर चालणारं बेल-कोलमन कंपनीचं शीतयंत्र होतं आणि त्याच्या जोरावर खालच्या कोठारात मेंढ्यांची सुमारे पाच हजार धडं गोठवून ठेवली होती. रोज सुमारे ३ टन कोळसा लागे. ठिणग्या उडून शिडांना आग लागेल, ही धास्ती सगळ्या खलाशांना होती. विषुववृत्ताच्या पट्ट्यात वारा पडला आणि कोठारात थंड हवा नीट फिरत नाही असं दिसू लागलं. तेव्हा कॅप्टन जॉन व्हिटसन स्वतः हवेच्या बोगद्यात सरपटत शिरला आणि करवतीनं जादा भोकं पाडू लागला. थंडीनं त्याची शुद्ध हरपत आली. पायाला दोर बांधून त्याला बाहेर ओढून काढावं लागलं. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोचलं, तेव्हा हजारो धडांपैकी एकच टाकून द्यावं लागलं.

न्यूझीलंडच्या मांस-व्यापाराचं भाग्य त्या सफरीनं उघडलं, हे इतिहासाच्या पुस्तकांत येतं. पण व्हिटसनची अडचण यंत्राची नव्हती. यंत्र थंडी करत होतं. ती माणसानं बांधलेल्या कोठारात जिथे पाहिजे तिथे पोचत नव्हती. थंडीच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पेटी आधी आली, यंत्र फार नंतर. आणि यंत्र आल्यावरही काम पेटीच्या भिंतींवर आणि आत साठवलेल्या बर्फावरच राहिलं. समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कात्रजच्या दूध डेअरीचा व्यवहार समजून घ्यायचा, तर सुरुवात बोटींपासूनच करायला हवी.

बर्फ होडीतून आणायची कल्पना हिंदुस्थानात जुनी आहे. अकबराचा दरबार १५८६ मध्ये लाहोरला असताना उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ नदीवाटे येत असे आणि त्यासाठी दहा होड्या राबत, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे. महाराष्ट्राच्या नशिबात असे डोंगर नाहीत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे दव गोठलं, तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. इथे गारवा म्हणजे माठ, वाळ्याचे पडदे आणि ओलं फडकं. पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेईल तेवढाच.

मग १८३० च्या दशकात बर्फ आला, तो थेट अमेरिकेतून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तळ्यांवरचा बर्फ कापून विकण्याचा धंदा १८०६ मध्ये मार्टिनिक बेटापासून सुरू केला होता. त्यात तो बुडाला, कर्जापायी तुरुंगातही गेला, पण हटला नाही. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे त्याचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. हुगळीत पोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. यंत्र नाही, वाफ नाही. होत्या त्या लाकडी फळ्या, गवत, झाडाच्या सालीचा चुरा. पुढे या धंद्यात लाकडाच्या भुशानं सर्वांवर मात केली. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या लाकूड गिरण्यांत भुसा नुसता पडून वाया जायचा. त्याच्या कणांमध्ये अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही, हे कळल्यावर त्या टाकाऊ मालालाही गिऱ्हाईक मिळालं. ट्यूडरचा सहकारी नॅथॅनिएल वाएथ यानं घोड्यानं ओढायचं बर्फ कापायचं अवजार बनवलं. त्यामुळे सारख्या मापाच्या, काटकोनी लाद्या निघू लागल्या. हे वरवर किरकोळ वाटतं, पण चौकोनी लाद्या एकमेकींना चिकटून बसतात, मध्ये हवा खेळत नाही आणि कोठारातला सारा माल एकाच मोठ्या ठोकळ्यासारखा सावकाश वितळतो.

मुंबईत हा बर्फ १८३४ मध्ये उतरला. मागवणारी पेढी जहांगीर नसरवानजी वाडियांची. शिडाची जहाजं बांधण्यात पिढ्या घालवलेल्या पारशी घराण्याचं हे नाव. भाव होता पौंडाला ४ आणे. त्याच सुमारास जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि पुढे यजमानासह पाहुण्यांना पडसं झाल्याचं ‘मुंबई समाचार’मध्ये छापून आलं. नवी चीज पहिल्यांदा गळ्याखाली उतरली, त्याची ही साक्ष. बर्फ ठेवायला कोटात, नौदल गोदीच्या लायन गेटसमोर, जिथे आज के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, तिथे घुमटाचं ‘आइस हाऊस’ बांधलं गेलं. मद्रासच्या किनाऱ्यावर १८४२ मध्ये असंच एक उभं राहिलं. ते अजून आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले आणि आज त्याला विवेकानंदांचंच नाव आहे.

या इमारतींची जाड भिंत, छोटं तोंड आणि वरून माल भरण्याची सोय यांकडे लक्ष द्यायला हवं. थंड हवा जड असते, ती खाली बसते. बाजूला दार ठेवलं तर उघडताच ती पाण्यासारखी वाहून जाते. झाकण वर असलं तर आतच राहते. बर्फाची कोठारं, मच्छीमार बोटीचे खण आणि शिडाच्या नौकेतली बर्फाची पेटी, सगळ्यांची तोंडं आकाशाकडे असतात, याचं कारण एवढंच.

जहाज वेळेवर आलं नाही की मुंबईत बर्फाचा दुष्काळ पडे आणि मग उरलेला बर्फ आजाऱ्यांसाठी राखून ठेवावा लागे. शहराला सवय लागली होती, पण पुरवठा समुद्रापलीकडच्या हिवाळ्याच्या हाती होता. १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनीनं यंत्रावर बर्फ करायला घेतला, मुंबईतही कारखाने आले, आणि बोस्टनची जहाजं यायची थांबली. ट्यूडरचा धंदा मेला. त्याचं बांधणं मात्र जिवंत राहिलं. पुण्याच्या पेठांत गोणपाटात गुंडाळून, भुसा थापून हातगाडीवरून जाणारी बर्फाची लादी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ‘टस्कनी’च्या कोठारातलीच रीत पाहिली आहे.

पुणेकरांना यातली पुढची पायरीही ठाऊक होती, फक्त ती आइस्क्रीमच्या निमित्तानं. लग्नकार्यात, मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात पॉट मांडला जाई. लाकडी बादलीत मधोमध दुधाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि वर मूठ-मूठ खडे मीठ. मीठ पडलं की बर्फ शून्य अंशाला थांबत नाही. वितळता वितळता तो शून्याखाली उतरतो, थेट उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तर आटवलेलं दूध गोठतं. पोरं आळीपाळीनं दांडा फिरवत, आणि दांडा जड झाला की आइस्क्रीम ‘लागलं’ असं समजायचं. मिठाच्या पाण्यात थंडी साठवण्याची हीच युक्ती पुढे शिडाच्या नौकांच्या कामी आली.

विसाव्या शतकातल्या हौशी नौकांमध्ये स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी बांधीव बर्फाची पेटी असे. बंदरातून लाद्या घ्यायच्या, पेटीत रचायच्या, आणि आठवडाभरात त्या संपल्या की टिनबंद अन्नावर यायचं. छोटी शीतयंत्रं मिळू लागली तेव्हा नौकांच्या मालकांनी ती याच पेटीत बसवायला घेतली. पुष्कळांची निराशा झाली. कारण पेटी बांधणाऱ्यानं भिंतीत जेमतेम दोन बोटं थर भरला होता. बर्फ होता तोवर ती गळती कुणाला टोचत नव्हती, लादी मुकाट्यानं वितळत होती. यंत्र आल्यावर तीच गळती बॅटरीतून वसूल होऊ लागली. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर साधारण ५ अँपिअर वीज ओढतो. दिवसातला निम्मा वेळ चालला तरी ६० अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या साध्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज काढू नये म्हणतात. म्हणजे एका बॅटरीत एक दिवसही धड निघत नाही. भिंतीतला फोम ५ सेंटिमीटरचा १० केला, झाकणाला रबरी पट्टी लावली, वितळलेलं पाणी जाण्यासाठी ठेवलेलं तळाचं भोक बुजवलं, की हाच आकडा झपाट्यानं उतरतो. ते भोक तर अनेकांच्या ध्यानातच येत नसे. थंड हवा रात्रंदिवस तिथून गळत असे.

ज्यांना बॅटरीवर भरवसा नव्हता त्यांनी पॉटची युक्ती घेतली. पेटीत मिठाच्या द्रावणानं भरलेली धातूची चपटी पाटी बसवायची. नौकेचं इंजिन सकाळ-संध्याकाळ तासभर चालवायचं, तेवढ्यात त्याला जोडलेला कॉम्प्रेसर ते द्रावण गोठवून टाकतो. इंजिन बंद. मग दिवसभर पाटी वितळत राहते आणि पेटी गार ठेवते. यंत्र थोडा वेळ, साठा सारा दिवस. बर्फाची लादी बाजारातून आणायच्या ऐवजी नौकेवरच रोज नवी होऊ लागली, एवढाच काय तो फरक.

कोकणच्या किनाऱ्यावर यंत्राचा मोह बोटीपर्यंत फारसा पोचलाच नाही, आणि त्यामागे शहाणपण आहे. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी जवळच्या पाण्यात जात, संध्याकाळी परत येत. न खपलेली मासळी उन्हात किंवा मिठात जाई. बोंबील वाळवायच्या वलांडीवर, बाकीचं खारवायला. स्वातंत्र्यानंतर इंजिनं आली, बोटी लांब जाऊ लागल्या, आणि लांब जायचं तर बर्फ हवाच. केरळात १९५३ पासून भारत-नॉर्वे प्रकल्पानं इंजिन आणि बर्फ यांची जोडी मुद्दाम शिकवली. महाराष्ट्राच्या बंदरांत ती गरजेनं रुजली. १८७५ मध्ये बांधलेल्या ससून डॉकवर आज भल्या पहाटे गेलं, तर लाद्या यंत्रात फुटून चुरा होण्याचा आवाज मासळीच्या लिलावाइतकाच मोठा असतो. दहा-पंधरा दिवसांच्या फेरीला निघणारी बोट आधी डिझेल आणि बर्फ भरते. फेरी किती दिवसांची हे अनेकदा डिझेलवर नाही, बर्फावर ठरतं.

खणात माल भरायची रीत ठरलेली असते. तळाला जाड थर बर्फाचा, वर मासळी, पुन्हा बर्फ, बाजूंनाही बर्फ, शेवटी वर झाकणासारखा थर. मासळी भिंतीला टेकता कामा नये. एक किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणायला हिशेबानं ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. प्रत्यक्षात मासळीच्या वजनाइतका बर्फ घेतात. उरलेला ७०० ग्रॅम कुठे जातो? खणाच्या भिंतीतून आत शिरणाऱ्या उष्णतेला तोंड देण्यात. म्हणजे नाखवा बर्फ विकत घेतो तो निम्म्याहून अधिक भिंतीसाठी. जुन्या लाकडी खणांना आतून फोम आणि फायबरचा लेप देऊन घेणाऱ्यांना हा हिशेब नीट कळलेला आहे. बोटीवर यंत्र बसवण्याआधी करायचं काम हेच.

दुधाला मासळीइतकीही सवड नसते. कासेतून निघालेलं दूध अंगाच्या उष्णतेचं असतं आणि त्यातले जंतू साधारण २० ते ३० मिनिटांत दुप्पट होतात. चार तासांच्या आत ते ४ अंशांवर आणायचं, हा डेअरीवाल्यांचा नियम. जुन्या काळी शहरांची भूक शहरातल्याच गोठ्यांनी भागवली ती म्हणूनच. दूध लांबून आणायचं धाडस रेल्वेनं दिलं. १९३९ मध्ये भास्कर गणेश चितळ्यांनी कृष्णाकाठी भिलवडीला धंदा मांडला, त्याचं एक कारण जवळचं रेल्वे स्टेशन. १९४५ मध्ये मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी आणंदहून ४२७ किलोमीटरवर मुंबईला दूध आणायचा प्रयोग केला, तेव्हा पाश्चरायझेशन करून थंड केलेल्या दुधाच्या कॅनना ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. यंत्रानं थंड करायचं आणि माठाच्या युक्तीनं राखायचं. तो प्रयोग टिकला, आणि त्यातून पुढे अमूलचा मार्ग खुला झाला.

पुण्याला कात्रजची ओळख दुधाआधी पाण्यामुळे होती. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी घाटाखाली तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत खेळवलं. माणूस आत उतरू शकेल एवढा तो नळ, अधूनमधून हवेसाठी बांधलेले उच्छ्वास, वर झाकण. पाणी उन्हात पडू द्यायचं नाही, घाण होऊ द्यायचं नाही. दोनशे वर्षांनी, १९६० च्या दशकापासून, त्याच बाजूनं शहराला दुसरा पुरवठा सुरू झाला तो पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा. संघाचं लांबलचक नाव कुणी घेत नाही. पिशवीवर, दुकानात, घरात ते ‘कात्रज’चं दूध, ‘कात्रज’चं श्रीखंड.

दुधाची खरी अडचण अशी की ते सगळं एकदम येतं. सकाळी आणि संध्याकाळी धारा निघाल्या की दोन-तीन तासांत गावोगावचं संकलन, ४० लिटरचे कॅन, गाड्यांची रांग. मग उरलेला दिवस यंत्र रिकामं. १००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढीत सुमारे ३७० किलो बर्फ वितळतो. हे दोन तासांत करायचं तर अवाढव्य कॉम्प्रेसर लागेल आणि तो बाकीचा वेळ बसून राहील. म्हणून डेअऱ्यांनी यंत्र छोटंच ठेवलं आणि बर्फाची टाकी बांधली. पाण्यानं भरलेल्या मोठ्या टाकीत अमोनियाच्या नळ्यांची वेटोळी. रात्रभर नळ्यांभोवती बर्फाची साय चढते आणि मनगटाएवढी जाड होते. सकाळी कॅन उलटे होऊ लागले की टाकीतलं १-२ अंशांचं पाणी पंपानं पत्र्यांच्या शीतकात फिरतं. पत्र्याच्या एका बाजूनं दूध, दुसऱ्या बाजूनं पाणी. दूध काही सेकंदांत गार होऊन बाहेर पडतं आणि परतलेलं पाणी बर्फावरून पुन्हा गार होतं. वीज गेली तरी पंपापुरता जनरेटर पुरतो, कारण थंडी आधीच साठवलेली असते. शिडाच्या नौकेतली ती मिठाची पाटी आणि ही टाकी, तत्त्व एकच. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’नं देशभर ज्या डेअऱ्या उभ्या केल्या, त्यांच्या पोटात ही टाकी असायचीच. दूधक्रांतीच्या गौरवगाथांत तिला एक वाक्यही मिळत नाही. मिळायला हवं होतं.

कोंडी होती ती डेअरीच्या अलीकडे, गावात. तिथे बल्क कूलर बसवले, पण २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. धारेच्या वेळी वीज नाही, म्हणून डिझेल जनरेटर, आणि लिटरमागे मिळणारे पैसे डिझेलात. यावर एक उत्तर पुण्यातच तयार झालं. सोरिन ग्रामा आणि सॅम व्हाइट या दोघांनी बोस्टन परिसरात ‘प्रोमिथियन पॉवर सिस्टिम्स’ ही कंपनी काढली होती. त्यांची मूळ कल्पना सौर ऊर्जेवरच्या शीतगृहाची. भारतातल्या डेअऱ्यांत हिंडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सौर तावदानं परवडत नाहीत आणि मुळात वीज येतच नाही असंही नाही. ती हव्या त्या वेळी येत नाही. तेव्हा त्यांनी तावदानं सोडली आणि थंडीची बॅटरी बनवली. पुण्यातल्या भागीदारासोबत ती इथेच घडली. वीज असेल तेव्हा आतला पदार्थ गोठतो, दूध आलं की तो वितळून दुधाची उष्णता शोषून घेतो. कॅनमधलं दूध वरून ओतायचं, खाली ४ अंशांचं निघतं. जनरेटरची गरज उरली नाही. ही शीतकं मग अनेक राज्यांतल्या संकलन केंद्रांवर बसली, आणि जिथे दिवसातून दोन वेळा दूध गोळा करणं शक्य नव्हतं अशा आडगावांतूनही संध्याकाळचं दूध घेतलं जाऊ लागलं.